पहिल्या तासाला गणपती नको

«मी यंदापासून नाशिकमधल्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला चित्रकला शिकवते. गणेशोत्सवाआधी दुसरीच्या ४२ मुलांकडून मातीचा गणपती करून घ्यायचं ठरवलं. भावाची दिंडोरीला शेती आहे, तिथून दोन गोण्या काळी माती आणली. तास ३५ मिनिटांचा. काही मुलं हात घाण होतात म्हणून रडत होती, काही गोळे करून एकमेकांना मारत होती. शेवटी बहुतेक गणपती मीच पुरे केले. दुसऱ्या दिवशी सोंडा गळाल्या, चौथ्या दिवशी सगळे तडकले. बेसिन तुंबलं, त्यावरून मुख्याध्यापकांचं बोलणं खाल्लं. दोन पालक गणवेशावरून भांडून गेले. सहकारी म्हणतात, दुकानातला रंगीत क्ले दे आणि मोकळी हो. तडकलेले गणपती अजून कपाटावर आहेत, टाकवत नाहीत. काय करू?»
– एक कलाशिक्षिका, इंदिरानगर

बाई, पत्र वाचताना आधी हसू आलं. मग माझं स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं आणि हसू आवरलं. त्या वर्षाची गोष्ट पुढे सांगते.

आधी बेसिनचं बघू, कारण ते मिटल्याशिवाय तुमच्या वर्गात पुन्हा माती येणार नाही. मातीचा हात नळाखाली धरायचाच नाही. वर्गाच्या दाराशी तीन बादल्या ठेवा. पहिलीत हात चोळायचे, दुसरीत खळबळायचे, तिसरीत स्वच्छ करायचे, मग जुन्या टॉवेलला पुसायचे. त्यानंतर कोणाला नळावर जायचं असेल तर जाऊ दे. बादल्या रात्रभर तशाच राहू द्या. सकाळी माती तळाला बसलेली असते. वरचं निवळ पाणी झाडांना घाला आणि खालचा घट्ट चिखल बरणीत भरून ठेवा, तो आपल्याला लागणार आहे. वर्ग कोरड्या झाडूने झाडू नका. वाळलेल्या मातीची धूळ फार बारीक असते, मुलांच्या छातीत जाते. ओलं फडकं फिरवा. हे सगळं एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांना आधीच दाखवा. माझा अनुभव असा की मुख्याध्यापक मातीला भीत नाहीत, प्लंबरच्या बिलाला भितात.

आता माती. तुमचे गणपती तडकले यात मुलांचा काही दोष नाही आणि तुमचा फार थोडा. आपल्या भागातली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेताला ज्या भेगा पडतात, ज्यांत पाय मुरगळतो, त्याच तुमच्या गणपतीच्या पोटाला पडल्या. म्हणून कुंभार नुसती काळी माती वापरत नाही. त्यात राख, घोड्याची लीद, बारीक वाळू असं काहीतरी मिसळतो, म्हणजे ती एवढी ओढ घेत नाही. तुम्ही चार वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू घालून पाहा.

पण त्याआधी भावाला एक गोष्ट विचारा: माती नेमकी कुठली आहे? दिंडोरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे द्राक्षबागा येतात. बागेतली असेल तर ती मुलांच्या हातात देऊ नका. वर्षानुवर्षांचे फवारे त्या मातीत मुरलेले असतात, नुसतं मोरचूदच कितीतरी. दुसरीतल्या पोराचा हात दर पाच मिनिटांनी तोंडात जातो. तळ्यातला गाळ किंवा फवारा न लागलेल्या पडीक जागेची माती असेल तर चालेल, फक्त भिजवून कपड्यातून गाळून घ्या. काचा, काटे, खडे निघून जातात.

नाहीतर सरळ शाडूची माती घ्या. गणपतीच्या दिवसांत बाजारात सहज मिळते. मऊ असते, लहान हाताला लगेच वळते, वाळली की पांढुरकी होते. दोष एवढाच की वाळल्यावर ठिसूळ, आणि ती भट्टीत घालायची नसते. भाजायच्या वस्तू करायच्या असतील तर जुन्या नाशकात कुंभारवाड्यात जाऊन कुंभाराकडूनच तयार माती आणा. एका मुलाला मोसंबीएवढा गोळा, म्हणजे साधारण २०० ग्रॅम पुरतो. ४२ मुलांना साडेआठ किलो होते, तुम्ही दहा आणा.

माती आदल्या दिवशी मळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. घट्टपणा पुरीच्या कणकेएवढा हवा. पोळीच्या कणकेएवढी सैल झाली की हाताला चिकटते, आणि मग रडारड. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा. चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. मुलांच्या खाली वर्तमानपत्र अंथरू नका, ते भिजून मातीत लगदा होतो. गोणपाटाचे तुकडे किंवा जुन्या चादरीचे चौकोन उत्तम.

आता थोडं टोचेल असं बोलते. पहिल्या तासाला गणपती नको होता.

तुमची श्रद्धा, सण, उत्साह सगळं मान्य. पण माती हातात धरणाऱ्याच्या नजरेने गणपती बघा. चार हात, सोंड, दोन मोठे कान, मुकुट, उंदीर. सगळी जोडणी! आणि माती जोडणं हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. नुसतं पाणी लावून चिकटवलेला तुकडा चिकटतच नाही. शिवाय सोंड बारीक, पोट जाड. सोंड आधी वाळते, आकसते आणि ओल्या पोटापासून सुटते. मुलांनी कितीही मन लावून केलं असतं तरी सोंडा गळणारच होत्या.

पहिल्या तासाला काहीच करायचं नाही, म्हणजे टिकेल असं काहीच नाही. मुलांना सुरुवातीलाच सांगायचं: आज घरी काही न्यायचं नाही, तास संपला की गोळा बादलीत परत. मग खेळा. डोळे मिटून गोळा गुळगुळीत कोण करतो? वर्गातला सगळ्यात लांब नाग कोणाचा? न मोडता सगळ्यात उंच काय उभं राहतं? कोपर दाबला तर कसला ठसा येतो? मातीला किती वेगवेगळ्या खुणा करता येतात? ३५ मिनिटं कधी जातात कळत नाही, आणि मुलांच्या बोटांना मातीचा स्वभाव कळतो. किती दाबलं की फाटते, किती पाणी लावलं की चिखल होतो, हे सांगून कळत नाही. नागपंचमीला घरात मातीचा नाग होत असेल तर तो लांब नाग मुलांना ओळखीचाच असतो, तिथून सुरुवात सोपी जाते.

हात घाण होतो म्हणून रडणाऱ्यांना जबरदस्ती नको. माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीवरून दाबू दे, किंवा काडीने टोचू दे. माझ्याकडे एक मुलगा दोन महिने पेन्सिलीच्या मागच्या टोकानेच काम करायचा. एक दिवस त्याने आपणहून बोट लावलं. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

गोळे फेकणाऱ्यांना मळायचं काम द्या. गोळा पाटावर जोरात आपटायचा, घडी घालायची, पुन्हा आपटायचा. अंगातली रग जाते आणि माती एकजीव होते. अशा वेळी गोरोबाकाकांची गोष्ट रंगते: जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारत कोणतं मडकं कच्चं ते पाहणारे गोरोबा, आणि रुसलेले नामदेव. मुलं आपापल्या डोक्यावर टिचक्या मारून घेतात. त्यांच्या बाळाची दुसरी गोष्ट मात्र सांगू नका. मी एकदा सांगून बसले. माती तुडवायला निघालेली पहिलीची मुलं जागेवरच थिजली आणि एका मुलीने रात्री घरी जेवायचं नाकारलं.

दुसऱ्या वेळी चकती करा. दोन जाड लाकडी पट्ट्या दोन बाजूंना ठेवून मध्ये माती, आणि त्यावरून काचेची गोल बाटली फिरवायची. सगळीकडे सारखी जाडी मिळते. मग पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून दाबा, भेंडीचा काप, बटण, कंगवा, चहाची गाळणी, जे मिळेल ते. टांगायचं असेल तर भोक ओलेपणीच पाडा. नाव किंवा हजेरी क्रमांक मागच्या बाजूला काम सुरू करण्याआधी लिहून घ्या. शेवटी लिहायचं ठेवलं तर घंटा होते आणि मग ४२ निनावी चकत्या घेऊन तुम्ही स्टाफरूममध्ये बसता.

तिसरी पणती. गोळा तळहातावर, अंगठा मधोमध अर्ध्याच्या थोडा खाली जाईपर्यंत दाबायचा, मग फिरवत फिरवत चिमटीने कड पातळ करायची. तळ फोडून अंगठा बाहेर काढणारी दोन-चार मुलं निघतातच, त्यांना पुन्हा गोळा करू द्या.

चौथा बैल, आणि हा माझा लाडका. पोळ्याच्या आठवड्यात घ्या, श्रावण अमावास्येच्या आधी. दंडगोल जाड वळी करायची. दोन्ही टोकांना मधोमध उभा काप द्यायचा आणि निघालेले तुकडे खाली वाकवायचे. चार पाय तयार, कुठलीही जोडणी नाही. वशिंड वर चिमटीने ओढून काढायचं. डोकं आणि शिंगंही ओढूनच काढता येतात. पाय जाडजूड ठेवायचे. बाजारातल्या मातीच्या बैलांचे पाय बघा, उगाच नाही ते खांबासारखे असतात.

हे करताना मुलांकडे नीट पाहा. काही मुलं गोळ्यातून शेपूट, कान ओढून काढतात. काही सगळे तुकडे वेगवेगळे करून मग जोडतात. दोन्ही बरोबर. ओढणाऱ्याला जोडायला लावू नका आणि जोडणाऱ्याला ओढायला. जोडणाऱ्यांना एवढं शिकवा: दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, बरणीतला तो चिखल श्रीखंडाएवढा घट्ट करून मध्ये लावायचा, आणि दाबून थोडं हलवायचं. आमच्या वर्गात «खरवड, लाव, दाब» असं ओरडत करायचे. दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत, हे विसरू नका.

गणपती करायचाच असेल तर पुढच्या वर्षी उठावाचा करा. चकतीवर पोटाचा गोळा चपटा करून बसवायचा, सोंड वळी करून त्यावर आडवी टेकवायची. सोंड हवेत लोंबकळत नाही, म्हणून गळत नाही.

आता माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. प्रदर्शन होतं, पाहुणे येणार होते. मुलांनी हत्ती केले होते. आदल्या संध्याकाळी मी एकटी वर्गात बसून ओल्या बोटाने एकेक हत्ती सारखा केला. सोंडा सरळ, कान जुळते, पाठी गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी एक मुलगी टेबलाभोवती तीन फेऱ्या मारून आली. मी तिचा हत्ती उचलून खालचं नाव दाखवलं. ती म्हणाली, «नाव माझं आहे, हत्ती माझा नाहीये.» तिच्या हत्तीच्या पाठीवर एक पिल्लू होतं. मला तो मातीचा फुगवटा वाटला होता, मी पुसून टाकला होता. तुम्ही लिहिलंत ना, बहुतेक गणपती मीच पुरे केले. म्हणून सांगितलं. शिकवताना हातात तुमचा वेगळा गोळा ठेवा, जे दाखवायचं ते त्यावर दाखवा.

वाळवण्याबद्दल. कुठलाही भाग अंगठ्याहून जाड नको. पंख्याखाली, उन्हात ठेवू नका. भाद्रपदात आपल्याकडची हवा दमट असते, आठवडा-दीड आठवडा सहज लागतो, धीर धरा. मार्च-एप्रिलमध्ये उलट, रात्रीत वाळून तडकतात. तेव्हा वरून ओलसर कापड आणि त्यावर प्लास्टिक टाका, दोन दिवसांनी कापड काढा, मग अधूनमधून वस्तू पालथी करा.

भाजून घ्यायच्या असतील तर कुंभारवाड्यात आधी बोलून ठेवा. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. संक्रांत झाली की जा. आणि पूर्ण वाळलेली वस्तूच द्या. गालाला लावून पाहा, गार लागली तर आत अजून ओल आहे. ती ओल भट्टीत वाफ होते आणि वस्तू फोडते. शेजारच्या कुंभाराच्या पणत्याही जातात. हा नियम मुलांनाही सांगा, गालाला बैल लावून बघायला त्यांना फार आवडतं. जमलं तर दहा-दहा मुलांना कुंभाराकडे घेऊनच जा. तुमच्या वर्गात कुंभाराचं लेकरू असलं तर त्या दिवशी तुमची शिक्षिका ते असेल, तेवढं मान्य करून जा.

शाडूच्या वस्तू भाजता येत नाहीत, पण रंगवता येतात. गेरूचा हात द्या, वाळला की वर काळ्या रेघा. हे मी उगाच सुचवत नाही. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी आपल्या नाशकात गोदाकाठी «मातीची गढी» नावाच्या टेकाडावर उत्खनन केलं, तेव्हा खालच्या थरांत जोर्वे पद्धतीची (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव) खापरं मिळाली: तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. पालक भांडायला आले की हे सांगता येईल. पण खरं सांगू का, त्यांना त्याहून जास्त पटते ती दोन दिवस आधी गेलेली चिठ्ठी: «शुक्रवारी मातीकाम आहे, बाबांचा जुना शर्ट पाठवा.» तो शर्ट उलटा, बटणं पाठीमागे येतील असा घालायचा. चिठ्ठीतच लिहा की हाताला जखम असेल किंवा त्वचेचा त्रास असेल तर कळवा.

तास ३५ मिनिटांचाच असेल तर जोडतास मागून पाहा. नाही मिळाला तर निम्म्या वर्गाला माती आणि निम्म्याला चित्र द्या, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. ४२ जणांना एकदम माती देणं मला तीस वर्षांनंतरही झेपलं नाही.

रंगीत क्ले वाईट नाही. पावसाळी दिवशी, सुटीच्या आदल्या तासाला जरूर द्या. पण तो वाळत नाही, तडकत नाही, त्याला चिखल लावावा लागत नाही. मुलांना मातीकडून जे कळायला हवं त्यातलं फार थोडं तो शिकवतो. सहकाऱ्यांना हसून हो म्हणा.

राहिले कपाटावरचे गणपती. माती खडखडीत वाळली असेल तर उत्तम, कारण पूर्ण वाळलेली माती पाण्यात पटकन विरघळते. अर्धी ओली तासन्‌तास तशीच राहते. दोन मोठ्या बादल्या पाणी वर्गात ठेवा आणि ज्याचा गणपती त्याच्या हातात द्या. आरती म्हणा. एकेकाने येऊन हलकेच सोडायचा आणि वाकून बघायचं. मूर्तीतून बुडबुडे निघतात, कडा ढासळतात, बघता बघता आकार जातो. मुलं चिडीचूप होतात. आमच्याकडे एकदा एक जण «पुढच्या वर्षी»च्या ऐवजी «पुढच्या तासाला लवकर या» म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढा. भावाने सांगितलं की माती बागेतली होती, तर बादल्या शाळेच्या जास्वंदीच्या आळ्यात रिकाम्या करा, हात धुवा आणि नवी शाडूची माती आणा. बागेतली नसेल तर गाळून, वाळू घालून, गोणपाटावर पसरून ठेवा. घट्ट झाली की मळायला त्या फेकणाऱ्या पोरांना बोलवा.